डाव्या हाताची कात्री

दुपारी दोन ते चार आमचं शिंप्याचं दुकान बंद असतं, पण मी आतच असते. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, जेवून वरच्या खोलीत आडवा होतो. वहिनी रेडिओ लावून भांडी घासते. मी खाली चिंध्यांच्या ढिगाला पाठ टेकून पाय लांब करते. त्या वेळी दाराच्या वरच्या काचेतून ऊन आत येतं आणि कटिंगच्या टेबलावरून हळूहळू सरकत जातं. ते टेबलाच्या कडेला पोचायच्या आत मला डुलकी लागलेली असते.

मग ते स्वप्न पडतं. माझ्या पेटीतलं निळं कापड उंबऱ्यावरून खाली उतरून रस्ताभर वाहत असतं, घोट्याएवढं खोल. लोक कपडे जरा वर धरून त्यातून चालतात, कोणाला घाई नसते, कोणाच्या पायांचा आवाज होत नाही. मी कात्री घेऊन पायरीवर उभी असते. जो तो येऊन मला विचारतो, "पलीकडे जायचं कुठून?" मी प्रत्येकाला सांगते, "जरा थांबा हं, कात्रीला धार लावायची आहे." आणि ते खरंच थांबतात. सगळी गल्ली माझ्यासाठी त्या निळ्यात उभी राहते आणि निळं हळूहळू त्यांच्या गुडघ्यांपर्यंत चढतं. जाग आली की मला फार वाईट वाटतं. चहा घेतला की मी ते विसरते.

आमच्या धंद्यात दोन माणसं असतात, कापणारा आणि शिवणारा. कापणाऱ्याला सगळे मास्टर म्हणतात. शिवणाऱ्याला काही म्हणत नाहीत. दादा मास्टर, मी मशीनवर. सत्तावीस वर्षं हा संसार असाच चालला आणि माझी त्याबद्दल तक्रार नव्हती, कारण शिवलेलं उसवता येतं. कापलेलं परत जोडता येत नाही, आणि जोडलं तरी दिसतं.

मी डावरी आहे. घरात मला हाकही त्याच नावाने मारतात. नऊ वर्षांची असताना बाबांची मोठी कात्री उचलून मी एका गिऱ्हाइकाच्या कापडाला लावली होती. उजव्या हाताची कात्री डाव्या हातात धरली की पाती एकमेकांपासून फाकतात आणि कापड मध्ये दुमडून चावल्यासारखं होतं. तसंच झालं. बाबा रागावले नाहीत, हसले. म्हणाले, "हिच्या हातात कात्री देऊ नका, नाहीतर गिऱ्हाईक उघडं जाईल घरी." बाबा ते विसरलेही असतील. मी त्या एका वाक्यावर छत्तीस वर्षं काढली.

निळं कापड आईचं. जायच्या आधीच्या वर्षी तिने ते कुठून तरी आणवलं, चांगलं जाड, लोकरीचं, संध्याकाळ झाल्यावर आकाश ज्या रंगाचं होतं त्या रंगाचं. म्हणाली, "याचा तुझा कोट तूच काप." मी म्हटलं, हो. त्याला अठरा वर्षं झाली. आधी थंडी संपत आली होती. मग मी बारीक झाले होते, पुन्हा अंग भरल्यावर कापावा म्हटलं. मग अंग भरलं ते थांबेचना. मग टेबलाचा एक पाय लहान होता. पण माझी सगळ्यात भक्कम सबब ती डाव्या हाताच्या कात्रीची. ती कुठेच मिळत नाही, मागवावी लागते, मिळाली की लगेच कापते. वहिनी म्हणायची, "वन्सं, तुमच्या सबबींचं दुकान टाकलं असतं तर आज आपला तिमजली बंगला असता." मी म्हणायचे, जागा नीट मिळाली की टाकू.

तर असं छान चाललं होतं, आणि दादाचा हात थरथरू लागला.

आधी पेला धरताना, मग खडूची रेघ मारताना. डॉक्टर म्हणाले, कंप आहे तो इतकाच राहील, पण थांबणार नाही. दादाने दोन पँटी वाकड्या कापल्या, स्वतःच्या कापडातून भरून दिल्या आणि एका सोमवारी दारात लावायच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'महिनाअखेर दुकान बंद होईल'. मला म्हणाला, "कात्रीच चालेना तर मशीन कोणासाठी चालवायची? तू कुठे तरी शिलाईला लाग. तुझ्या हाताला कोणीही घेईल." मी पुठ्ठ्याकडे बघत राहिले. अक्षरंही थरथरलेली होती.

शेवटचं एकच कापड राहिलं होतं, ग्रंथपालबाईंचं. वाचनालयातल्या या बाई आमच्याकडे वीस वर्षं येत होत्या आणि वीस वर्षं राखाडीच शिवून घेत होत्या. त्यांना कोट हवा होता, पुढच्या आठवड्यात रविवारी थंड मुलखात लेकीकडे जायचं होतं. माप घेऊन झालं होतं, ट्रायल त्याआधीच्या गुरुवारी अकराला ठरली होती. दादा म्हणाला, "जाऊन परत देऊन ये. दुसरीकडे टाकायला त्यांना वेळ मिळायला हवा." मी म्हटलं, उद्या जाते.

उद्या पाऊस होता. परवा वाचनालय बंद होतं. तेरवा उघडं होतं, पण माझी चप्पल तुटली. चप्पल शिवून आणली त्या दिवशी मला वाटलं, बाई कामात असतील, त्यांना कशाला त्रास. खरं सांगायचं तर ते कापड परत दिलं की दुकान खरंच संपलं, आणि ते आपल्या हाताने करायला मला जमत नव्हतं. पण हे मी स्वतःलाही सांगितलं नाही. मी चपलेबद्दलच बोलत राहिले.

बुधवारी दुपारी सव्वाला पार्सल आलं. दादाने ते टेबलावर ठेवलं आणि सुतळी सोड म्हणाला, कारण त्याच्याच्याने गाठ सुटत नव्हती. आत तेलकट कागदात कात्री होती. मी डाव्या हाताने उचलली आणि अंगठा आपोआप त्याच्या जागी जाऊन बसला. रिकामीच दोनदा चालवली. असा आवाज मी आयुष्यभर दादाच्या बाजूने ऐकला होता, माझ्या बाजूने कधीच नाही.

"हात पहिल्यांदा हलला तेव्हाच मागवली होती," दादा म्हणाला. "तीन महिने लागले. मला वाटलं, येतच नाही आता."

मी त्याचे आभार मानायला हवे होते. मला इतका राग आला की कानशिलं तापली. माझ्या घरात शिरून कोणी माझी पांघरायची चादर ओढून न्यावी तसं वाटलं.

"कोणी सांगितलं होतं तुला?"

"तूच. अठरा वर्षं."

"आता काय उपयोग? दुकान तर बंद करतोयस. कापू काय, पुठ्ठा?"

"ग्रंथपालबाईंचं कापड दिलंस ना परत?"

राखाडी कापड माझ्या मागच्या फळीवरच होतं, होतं तसं. दादाने ते पाहिलं, मग भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. वहिनी जिन्यात उभी होती, तिने कपाळाला हात लावला.

"डावरे, बाई उद्या अकराला ट्रायलला येणार. रविवारी त्यांची गाडी आहे. आता तीन दिवसांत त्यांना कोट कोण शिवून देईल?"

"माझी चप्पल..."

"चप्पल गेली खड्ड्यात." दादा कधी असं बोलत नाही. "काप."

"या टेबलावर? उजेड उजव्या हाताने कापणाऱ्यासाठी येतो. माझ्या हाताची सावली रेघेवर पडेल."

दादाने वहिनीला खुणावलं आणि दोघांनी मिळून टेबल ओढून फिरवलं. ऊन आता दुसऱ्या बाजूने पडलं.

"पाय लहान आहे त्याचा, डुगडुगतं."

वहिनीने भुईवरची माझीच चप्पल उचलली, दुमडली आणि पायाखाली सारली. "नाचता येईना, अंगण वाकडं," ती म्हणाली. "घ्या, अंगण सरळ केलं. नाचा आता."

मी आणखी काही तरी शोधत होते. खडू जाड आहे. मापं दादाच्या अक्षरात आहेत. शोधता शोधता माझ्या लक्षात आलं की आत काही शिल्लकच नाही. पेटी पालथी केल्यावर तळाचा कागद दिसावा तसं ते एकच दिसलं.

"मला भीती वाटते, दादा."

तो स्टुलावर बसला. मग म्हणाला, "एवढंच होय? मग हे आधी सांगायचंस. मी कापायच्या आधी काय करतो?"

"पाणी पितोस."

"तहान लागते म्हणून?"

सत्तावीस वर्षं मी ते पाहत होते. टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात पाण्याचा पेला. दादा कापड पसरायचा, रेघा मारायचा, कात्री उचलायचा, खाली ठेवायचा आणि म्हणायचा, "थांब, पाणी पितो." मला ती मास्टरांची ऐट वाटायची.

"प्रत्येक कापडाला भीती वाटते," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी जेवढी वाटली तेवढीच. आणि बाबा चष्मा शोधायचे, आठवतं? कपाळावर असायचा. आपण हसायचो. त्यांना माहीत होतं कपाळावर आहे ते." तो उठला. "एक पेला पाणी होईपर्यंत घाबरायचं. त्यापुढे नाही. मी वर जातो. तू बोलावलंस तरी येणार नाही."

वहिनीनेही रेडिओ लावला नाही.

ऊन टेबलाच्या मधोमध होतं. मी पेला उचलून सगळं पाणी प्यायले. आणि राखाडी कापड पसरलं.

कोटाचे दोन पुढे, म्हणजे छातीवरचे डावा आणि उजवा भाग, कापड दुहेरी घालून एकदम कापायचे असतात. मग ते आपोआप एकमेकांच्या उलट येतात, जोडी जमते. हे मला झोपेतही माहीत. पण एका वेळी दोन थर कापायचे, म्हणजे चुकलं तर दोन चुका. मी म्हटलं, आपण जपून राहू, एकेरी कापू. कापडाची घडी उलगडली. मापांवर बेतलेला फर्मा, म्हणजे कागदी साचा, ठेवला, खडू फिरवला, कात्री लावली. पहिल्यांदा पाती मिटली तो आवाज अजून कानात आहे. कापड चावलं गेलं नाही. ते बाजूला होत गेलं. माझ्यापुढे एक वाट निघत होती आणि मी तिच्यामागून चालत होते. गल्ली, दुकान, वरच्या खोलीतल्या दादाच्या येरझाऱ्या, सगळं कुठे तरी लांब. मी फर्मा उचलून पुढच्या कापडावर ठेवला आणि दुसराही पुढा कापला. मला वाटतं मी गुणगुणत होते.

मग मी दोन्ही भाग शेजारी ठेवले, आणि ते एकमेकांकडे बघेनात. दोघंही एकाच दिशेला तोंड करून उभे होते. दोन्ही डावे.

दुसऱ्या वेळी फर्मा उलटा करायचा राहिला होता. घडी ठेवली असती तर हे होणंच शक्य नव्हतं. आणि त्या कापडाला एका बाजूने लव होती, दुसरी बाजू फिकट, म्हणून एक भाग पालथा करूनही भागत नव्हतं. मी राहिलेलं कापड तीन वेळा मोजलं. पाठ निघत होती, बाह्या निघत होत्या, आणखी एक पुढा निघत नव्हता.

मी चिंध्यांवर बसले. रडले नाही, त्याचं मलाच नवल वाटलं. जे होईल म्हणून छत्तीस वर्षं घाबरत होते ते झालं होतं, पूर्णपणे झालं होतं, आणि ऊन टेबलावरून तसंच सरकत होतं. बाहेर कोणी तरी सायकलची घंटी वाजवली. माझा हात थरथरतोय का ते मी पाहिलं. नव्हता थरथरत. दादाचा थरथरतो, आणि तो तीन महिने रोज कापायला उभा राहिला होता.

मी पेटी उघडली.

आईचं निळं कापड अठरा वर्षांच्या घड्या धरून बसलं होतं. मी त्याला पाण्याचा हात लावून इस्त्री केली, दुहेरी घातलं, ग्रंथपालबाईंची मापं घेतली आणि कापलं. या वेळी पाणी प्यायला पेल्यात उरलंच नव्हतं. दोन थर, दोन पुढे, एकमेकांकडे तोंड करून. दुःख झालं, खोटं कशाला बोलू. हा माझा कोट होता. पण पेटीत होता तेव्हा तो कोणाचाच नव्हता, हेही मला कापता कापताच कळलं. दिवेलागणीपर्यंत मी कच्चे टाके घालून तो पुतळ्यावर चढवला. दादा खाली आला, पुतळ्याभोवती एक चक्कर मारली, टेबलावरचे दोन राखाडी डावे पाहिले आणि सगळं समजून जेवायला गेला.

वहिनी मात्र थांबली. "उद्या सांगा, उंदराने कुरतडलं. उंदीर काही साक्षीला येत नाही."

सकाळी अकराला एक मिनिट कमी असताना ग्रंथपालबाई आल्या. मी त्यांच्या अंगावर कोट घातला आणि त्यांना आरशापुढे उभं केलं. पडद्यामागे दादा होता, त्याची पावलं पडद्याखालून दिसत होती. बाई आरशात पाहत राहिल्या.

"हे माझं कापड नाही."

उंदीर माझ्या जिभेवर येऊन बसला होता. त्याच्या मागे रांग होती. कापड गिरणीतूनच खराब आलं, घडीत डाग निघाला, मास्टरांची तब्येत, उजेड. मी तोंड उघडलं.

"बाई, तुमचं कापड मी चुकीचं कापलं. दोन्ही पुढे डावेच कापले. हे कापड माझं आहे."

एवढं बोलून मी थांबले. त्या वाक्याला पुढे 'कारण' जोडायचं मला सुचलंच नाही. पडद्याखालची पावलं हलली नाहीत.

बाईंनी बाहीवरून हात फिरवला, लव एकदा खाली, एकदा वर. "निळा तुला शोभत नाही, असं माझी आई म्हणायची," त्या म्हणाल्या.

"मग?"

"मग काय. मी आता एकसष्ट वर्षांची आहे." त्यांनी एक हात वर केला, फळीवरचं पुस्तक काढावं तसा. मग दुसरा. "कापलाय कोणी? मास्टरांचा वाटत नाही."

"मीच. का, खांद्यात चुकलाय?"

"हात वर जातो. मास्टरांच्या कोटात कधी जात नाही. वरच्या फळीवरचं पुस्तक काढायचं तर मला कोट काढून ठेवावा लागतो. त्यांना सांगायचं सांगायचं म्हणत वीस वर्षं राहूनच गेलं."

पडद्यामागे दादाला ठसका लागला.

"खिसे जरा खोल करा," बाई म्हणाल्या. "आणि शनिवारी नक्की द्या."

त्या दुपारी मी चिंध्यांवर पडले आणि स्वप्न पुन्हा आलं. निळं रस्त्यावरून वाहत होतं, लोक कपडे धरून उभे होते. बाबाही होते त्यांत, चष्मा कपाळावर. त्यांनीच विचारलं, "डावरे, पलीकडे जायचं कुठून?" माझ्या हातात खडू होता. मी खाली वाकले, त्या वाहत्या कापडावर आडवी रेघ मारली आणि म्हटलं, "इथून." रेघ जरा वाकडी आली होती. लोक तिच्यावरून गेले.

शुक्रवारी मी बाईंचा फर्मा जपून ठेवायला म्हणून जाड पुठ्ठा शोधत होते. दारातला पुठ्ठा चांगला होता, मी तोच काढून कापला. दादा बघत होता, त्याने अडवलं नाही. आता तो फर्मा खिळ्याला टांगलेला आहे आणि त्याच्या मागच्या बाजूला 'बंद होईल' एवढीच अक्षरं उरली आहेत, तीही काखेजवळ. निळ्याच्या बदल्यात माझ्याकडे राहिलेल्या राखाडीचा मी माझा कोट शिवायला घेतला आहे. डावा पुढा राखाडी, उजवा उरलेल्या निळ्याचा, जोड देऊन. जोड दिसतो.

शनिवारी बाई कोट घालूनच गेल्या. सोमवारी सकाळी नवं गिऱ्हाईक येणार होतं, शाळेतले एक मास्तर, त्यांची पँट. मी लवकर खाली आले. दादा आधीच खाली येऊन गेला होता. त्याने कापड पसरून ठेवलं होतं, माझी कात्री पुसून ठेवली होती. पाण्याचा पेला भरलेला होता. भरताना सांडलेलं पाणी टेबलावर तसंच होतं, त्याच्या हाताने तेवढं सांडतंच.

पेला टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात ठेवला होता. मी पाणी प्यायले आणि कात्री उचलली.